मॅलार्ड बदक: नर कोणता, मादी कोणती? सर्पेंटाइन तलावावरच्या वर्षभराच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प: लंडनच्या हाइड पार्कमधल्या सर्पेंटाइन तलावावर मॅलार्ड बदकांची नर-मादी गणना आणि त्यासाठी मराठीत एक ओळखपत्रक. पत्रक आधी इथे पक्षी मोजायला येणाऱ्या मराठी कुटुंबांच्या हातात द्यायचं. नंतर त्यात फेरफार करून महाराष्ट्रातल्या पाणथळींवर हिवाळी बदकं मोजणाऱ्यांसाठी दुसरी आवृत्ती काढायची.

९ नोव्हेंबर

सुरुवात मुद्दाम नोव्हेंबरात. या दिवसांत जवळजवळ सगळे प्रौढ नर पूर्ण रंगात आलेले असतात, त्यामुळे नवख्याचा डोळा तयार व्हायला याहून सोयीचा महिना नाही. हेच जूनमध्ये शिकायला घेतलं तर पहिल्याच दिवशी घोटाळा ठरलेला.

तलाव सुमारे ४० एकरांचा, १७३० च्या सुमारास वेस्टबोर्न नदी अडवून केलेला. एका जागी उभं राहून तो मोजता येत नाही, म्हणून चार तुकडे पाडले: पूर्वेच्या डेल टोकापासून बोटींच्या धक्क्यापर्यंत, धक्क्यापासून पुलापर्यंत, लीडोचा (पोहण्यासाठी राखलेल्या जागेचा) दक्षिण काठ, आणि पुलापलीकडचं लाँग वॉटर थेट इटालियन गार्डन्सपर्यंत. लाँग वॉटरच्या काठाला झाडोरा जास्त आहे. पक्षी तिथे आत शिरून बसतात, तेव्हा त्या तुकड्याला दुप्पट वेळ धरायचा.

साहित्य: ८×४२ ची दुर्बीण, क्लिपबोर्ड, मऊ शिशाची पेन्सिल (पावसात शाई पसरते, पेन्सिल टिकते) आणि बोटाने दाबायचे दोन मोजणी काउंटर. डाव्या हातातल्या काउंटरवर नर, उजव्या हातातल्यावर मादी. हात वर्षभर बदलायचे नाहीत. अनिश्चित पक्ष्याची रेघ कागदावर ओढायची.

२३ नोव्हेंबर

पत्रकाच्या पहिल्या बाजूचा मजकूर लिहून झाला. विणीच्या पिसाऱ्यातला नर: डोकं आणि मान चकचकीत हिरवी, खाली पांढरी बारीक कडी (मानेच्या मागे ही कडी तुटलेली असते), छाती जांभळट तपकिरी, कुशी फिकट राखाडी आणि त्यांवर अगदी बारीक नागमोडी रेघा. शेपटीच्या वर-खाली काळं, शेपटीच्या कडा पांढऱ्या, आणि मधली काळी पिसं वर वळून कुरळी झालेली. चोच पिवळी किंवा हिरवट पिवळी, सगळी एकाच रंगाची, फक्त टोकाची नखी काळी.

मादी अंगभर तपकिरी. प्रत्येक पिसाचा मध्य गडद आणि कड फिकट, म्हणून अंग ठिपक्या-ठिपक्यांचं दिसतं. डोळ्यातून एक गडद रेघ जाते, डोक्याचा माथाही गडद. चोच नारिंगी, आणि तिच्या वरच्या बाजूला काळपट डाग. काहींच्या चोचीवर हा डाग मधोमध खोगिरासारखा बसलेला असतो, काहींवर तो ठिपक्यांत विखुरलेला.

दोन गोष्टी पत्रकात ठळक लिहिल्या, कारण नवखे लोक नेमके त्यांच्यावरच भर देतात. पंखावरचा निळा-जांभळा पट्टा, ज्याच्या पुढच्या-मागच्या कडेला काळी आणि पांढरी रेघ असते, तो नर-मादी दोघांनाही असतो. त्यावरून पक्षी मॅलार्ड आहे एवढं कळतं, लिंग कळत नाही. पायांचंही तेच: दोघांचे नारिंगी. नराचे थोडे भडक असतात, पण पाण्यात आणि चिखलात त्या फरकाला अर्थ उरत नाही. आकारावरही जाऊ नये. नर सरासरीने मोठा खरा, पण लहान नर आणि मोठी मादी शेजारी-शेजारी पोहत असली की डोळा फसतो.

उजेडाचा मुद्दा वेगळा लिहिला. डोक्याचा हिरवा रंग नुसत्या रंगद्रव्यातून आलेला नसतो. पिसाच्या आतल्या सूक्ष्म थरांतून उजेड परतताना तो तयार होतो, म्हणून कोन बदलला की रंग बदलतो. इथला नोव्हेंबर-डिसेंबरचा सूर्य इतका खाली असतो की तोच नर एका बाजूने हिरवा, मान वळवली की निळा-जांभळा आणि सूर्य त्याच्या मागे असला की सरळ काळा दिसतो. चोचीचा रंग मात्र कोनावर अवलंबून नाही. सकाळी मोजताना सूर्य पाठीशी राहील अशा बाजूने चालायचं: आधी पूर्वेचं टोक, मग पश्चिमेकडे.

१४ डिसेंबर

मोजणीची पद्धत पक्की केली. वेळ सकाळची, लोक पाव घेऊन यायच्या आत. पाव पडायला लागला की अर्ध्या तलावातली बदकं एका काठाला गोळा होतात आणि एकाच पक्ष्याची दोन तुकड्यांत नोंद होते. मोजताना आपण चालायचं, बदकं आपल्या दिशेने पोहत आली तर थांबायचं आणि ती पुढे गेल्यावर मागची मोजायची नाहीत.

झोपलेल्या पक्ष्यांसाठी वेगळा नियम. चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली असली की पहिली खूण गेली. मग मागून बघायचं: शेपटीखालचा भाग गडद काळा, वर वळलेली पिसं, राखाडी कूस, की नर. सगळं तपकिरी असेल तर हिवाळ्यात मादी. (जुलैत ‘सगळं तपकिरी’ म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. ते पुढे.)

उडत जाणाऱ्या पक्ष्याची चोच दिसत नाही. नराची गडद छाती आणि फिकट पोट यांच्यातली सीमारेषा लांबून कळते. मादी खालून जवळजवळ एकसारखी तपकिरी. पंखाची खालची बाजू दोघांची पांढरट, तिच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ‘अनिश्चित’ हा तिसरा रकाना. हा रकाना नसलेली पत्रकं पाहिली आहेत. त्यांत मोजणारा शंका असलेला प्रत्येक पक्षी मादीत टाकतो, कारण तपकिरी म्हणजे मादी हे डोक्यात बसलेलं असतं. त्यामुळे चूक दोन्ही बाजूंना वाटली जात नाही, सगळी एकाच दिशेला साचते. आपल्या पत्रकात अनिश्चित रकाना नर आणि मादीइतकाच रुंद ठेवला आहे, कोपऱ्यात कोंबलेला नाही.

२८ डिसेंबर

पावसामुळे फक्त लाँग वॉटरचा तुकडा. दुर्बिणीच्या काचा पुसायला सुती रुमाल पुरत नाही, भिजला की धुकं पसरवतो. मायक्रोफायबरची दोन फडकी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. पत्रकासाठी १६० ग्रॅमचा कागद पावसात तग धरतो, साधा ८० ग्रॅमचा फाटतो.

११ जानेवारी

नर-मादी प्रमाण काढायला डिसेंबर-जानेवारी हाच खरा काळ. दोघंही पाण्यावर असतात, मादी अजून अंड्यांवर बसलेली नसते, नर पूर्ण रंगात असतात. बाकीच्या महिन्यांतले आकडे तलावावर त्या दिवशी काय दिसलं एवढंच सांगतात.

हिशोब कसा करायचा, ते पत्रकाच्या मागे उदाहरणाने दिलं. आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले: नर ८४, मादी ६६, अनिश्चित ६. प्रमाण ओळखलेल्या १५० वरच काढायचं: ८४ भागिले १५०, म्हणजे ५६ टक्के नर. अनिश्चित सहाही मादी धरले तर ५३.८, सहाही नर धरले तर ५७.७. उत्तर लिहिताना ‘५६ टक्के, ५४ ते ५८ च्या दरम्यान’ असं लिहायचं. अनिश्चित पक्षी एकूण संख्येच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त झाले तर त्या दिवशीचं प्रमाण काढूच नये, फक्त संख्या लिहावी.

प्रौढ मॅलार्डमध्ये नर जास्त दिसणं हे नेहमीचंच आहे. मादी जमिनीवर घरटं करते, जवळजवळ चार आठवडे एकटी अंडी उबवते आणि त्या काळात कोल्ह्यासारख्या शिकाऱ्यांना बळी पडते. नराला ती जोखीम नाही. तेव्हा ५५-६० टक्के नर आले म्हणून मोजणी चुकली असं समजून पुन्हा मोजत बसू नये.

१५ फेब्रुवारी

आज फक्त आवाज. मॅलार्डची लिंगओळख पटवणारी ही इतकी भरवशाची खूण आहे आणि तरी लोक ती वापरत नाहीत, याचं वाईट वाटतं. ‘क्वॅक क्वॅक’ हा जो आवाज मुलांच्या पुस्तकात बदकाचा म्हणून छापलेला असतो, तो केवळ मादीचा. मादीची एक खास हाक आहे: पहिला स्वर मोठा आणि लांब, मग पुढचे एकेक छोटे आणि उतरत्या आवाजात, एका दमात दोनापासून दहापर्यंत.

नर असा आवाज काढूच शकत नाही. त्याचा आवाज बसलेला, घोगरा, एकेरी, ‘र्‍हेब’ असा काहीसा, आणि लांबवर ऐकू येत नाही. प्रणयाच्या वेळी त्याच्याकडून एक बारीक शीळ येते. फरकाचं कारण शरीररचनेत आहे. श्वासनळी जिथे दुभागते तिथे पक्ष्यांचं स्वरयंत्र असतं. नर मॅलार्डच्या त्या जागी डाव्या बाजूला हाडाचा पोकळ फुगवटा असतो, मादीला तो नसतो.

आवाजाची नोंद कशी करायची: पक्षी बोलताना चोच उघडलेली दिसली पाहिजे. घोळक्यातून क्वॅक ऐकू आलं आणि समोर नर होता, यावरून काही लिहू नये.

रंगांधळेपणाचा प्रश्नही आजच सोडवला. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. अशा माणसाला ‘नारिंगी चोच की हिरवट पिवळी’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. त्याने रंग सोडून डाग बघायचा: वरच्या चोचीवर काळपट डाग किंवा ठिपके असतील तर मादी, चोच टोकाच्या नखीपर्यंत स्वच्छ असेल तर नर. पत्रकात चोचीची चित्रं आता काळ्या-पांढऱ्यातच काढली आहेत, म्हणजे सगळ्यांना एकच खूण. मोजणारे ठरवताना हे आधी विचारून घ्यायचं, पाण्याकाठी गेल्यावर नाही.

२२ मार्च

जोड्या. शरद ऋतूपासूनच त्या जमू लागतात, आता बहुतेक पक्क्या झाल्यात. नर-मादी ओळखायला वागणूक मदत करते, पण फक्त आधार म्हणून. मान खाली-वर करत दोघं समोरासमोर आली, तर मीलनाआधीचा हा ठरलेला प्रकार. त्यात दोघंही सामील असतात, म्हणून मान हलवणं ही नराची खूण नव्हे. मीलन झाल्यावर डोकं मागे झटकून, मान पाण्यालगत लांबवून जो भोवती पोहतो तो नर.

जोडीतली मादी दुसरा नर जवळ आला की खांद्यावरून बाजूला चोच फिरवत, एकसारखी किरकिरत आपल्या नराच्या मागे राहते. हे मादीच करते. एका मादीमागे तीन-चार नर उडताना दिसले तर पुढे उडणारी मादी असं लिहायला हरकत नाही.

पत्रकात मात्र वागणुकीचा क्रमांक शेवटचा ठेवला: चोच, आवाज, शेपटीची पिसं, अंगाचा रंग, वागणूक. या क्रमावर चर्चा बरीच झाली. हिरवं डोकं पहिल्या क्रमांकावर ठेवावं, लोकांना ते पटकन दिसतं, असं एक मत होतं. पण जी खूण वर्षातले तीन महिने खोटं सांगते ती पहिली ठेवणं योग्य नाही. प्रौढ पक्ष्याची चोच वर्षभर तेच सांगते.

१९ एप्रिल

पाण्यावर नर एकेकटे, माद्या कमी. यात चुकीचं काही नाही. मादी रोज एक याप्रमाणे ८ ते १३ अंडी घालते आणि शेवटच्या अंड्याच्या सुमारास बसायला लागते. उबवण २७-२८ दिवस, एकट्या मादीची. ती खायला दिवसात थोडाच वेळ बाहेर येते. एप्रिलमधल्या सकाळी एका तासाची मोजणी केली तर बसलेल्या बहुतेक माद्या तिच्यातून सुटणारच.

म्हणून एप्रिल-मेच्या पत्रकावर प्रमाणाची चौकटच छापायची नाही. कोणी तरी ती भरेल आणि माद्या घटल्या असा निष्कर्ष निघेल.

घरटं शोधत झाडोऱ्यात शिरायचं नाही. मादी उठली की अंडी उघडी पडतात आणि कावळे बघत असतात. इथे १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार वापरातलं घरटं मोडणं गुन्हा आहे.

१० मे

पिल्लं दिसू लागली. पिवळी-तपकिरी, डोळ्यातून गडद रेघ. या वयात पाण्यावर बघून लिंग ओळखता येत नाही, आणि ओळखल्याचा दावा कुणी केला तर तो लिहून घ्यायचा नाही. बदकपालक पिल्लं हातात धरून गुदद्वार तपासतात. बदकांच्या नरांना इतर बहुतेक पक्ष्यांना नसतं ते शिश्न असतं, म्हणून ती पद्धत तिथे चालते. पण तिला सराव लागतो, चुकीच्या दाबाने पिल्लू जखमी होतं, आणि रानपक्ष्याला परवान्याशिवाय हात लावणं तर इथे चालतच नाही.

पिल्लांसाठी फक्त वयाचे तीन गट: नुसती लव (साधारण १८ दिवसांपर्यंत), लव आणि पिसं मिसळलेली (साधारण ४५ दिवसांपर्यंत), पूर्ण पिसं पण उडता न येणारी. उडायला ५० ते ६० दिवस लागतात. सोबतच्या मादीची नोंद पिल्लांच्या संख्येसह एका ओळीत करायची: ‘मादी १, पिल्लं ७, गट पहिला’. सर्पेंटाइनवर मोठे कुरव पक्षी आणि बगळे पिल्लं उचलतात, त्यामुळे आठवड्याभरात ७ ची ३ झाली तर ती मोजणीतली चूक समजू नये.

७ जून

पहिले नर विटायला लागले. हिरव्या डोक्यात तपकिरी पिसं, कुशीवर तपकिरी ठिपके, पांढरी कडी अर्धी पुसलेली. मादी अंड्यांवर बसली की नराचं घरट्याशी नातं संपतं. तो इतर नरांबरोबर गोळा होतो आणि पिसं टाकायला लागतो.

आजपासून ‘अनिश्चित’ रकाना रुंद केलेलं उन्हाळी पत्रक वापरायचं.

५ जुलै

या प्रकल्पातलं सगळ्यात कठीण काम जुलैचं. दरवर्षी या सुमारास लोक विचारतात, हिरव्या डोक्याची बदकं गेली कुठे? गेलेली नाहीत. ती समोर बसलेली आहेत, तपकिरी होऊन. याला पक्षीनिरीक्षक एक्लिप्स पिसारा म्हणतात.

कारण असं: बदकं पंखांची सगळी मोठी पिसं एकदम टाकतात. नवी येईपर्यंत साधारण तीन-चार आठवडे त्यांना उडता येत नाही. उडता न येणारा, भडक रंगाचा पक्षी म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण. त्या आधीच नर अंगावरची रंगीत पिसं टाकून मादीसारखी साधी पिसं धारण करतो आणि काठाच्या आडोशाला राहतो. मादीची उडण्याची पिसं उशिरा झडतात, पिल्लं मोठी झाल्यावर. म्हणून जुलैत न उडणारे बहुतेक नर, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात माद्या.

जवळून पाहिलं तर एक्लिप्समधला नर मादीची हुबेहूब नक्कल नसतो. आज लीडोच्या काठाला चार-पाच मीटरवर एक नर आणि एक मादी शेजारी बसलेली होती, त्यावरून लिहिलेला मजकूर:

नराची चोच स्वच्छ, मळकट हिरवट पिवळी. मादीची नारिंगी, वर काळे डाग. नराचा माथा आणि डोळ्यातली रेघ काळपट, उजेड पडला की हिरवी झाक. मादीचा माथा तपकिरीच. नराचे गाल राखाडी आणि जवळजवळ बिनरेघांचे, मादीच्या गालांवर बारीक रेघा. नराची छाती तांबूस आणि कमी ठिपक्यांची, पाठीचा मागचा भाग काळपट. मादीच्या छातीवर ठिपके ठळक, पाठ पिसागणिक फिकट कडांची. शेपटीची वळलेली पिसं मात्र नराला आता नाहीत, तीही झडली. कुरळ्या पिसांच्या भरवशावर बसलेला मोजणारा जुलैत हमखास फसतो.

हे नीट न केलं तर आकडे किती बिघडतात, त्याचं उदाहरण पत्रकात घातलं. समजा तलावावर नर ७०, मादी ५०. नरांपैकी ५५ एक्लिप्समध्ये. डोक्याच्या रंगावरून मोजलं तर नर १५, मादी १०५. चोचीवरून मोजलं तर ७० आणि ५०, किंवा काही झोपलेले असतील तर ६२, ४४ आणि अनिश्चित १४. तिसरं उत्तर ओबडधोबड दिसतं, पण खरं आहे, आणि पहिलं उत्तर सुबक दिसूनही टाकाऊ आहे. (अनिश्चित १४ म्हणजे १२० च्या दहाव्या हिश्श्याहून जास्त, तेव्हा प्रमाण काढायचं नाही. नियम तसाच.)

जुलैत झोपलेला तपकिरी पक्षी थेट अनिश्चितमध्ये. त्याला उठवण्यासाठी टाळ्या वाजवू नयेत, काठाशी धावू नये. न उडणारा पक्षी घाबरून पाण्यात पडला की विनाकारण थकतो. दोन मिनिटं थांबायचं. झोपेतही बदकं मधूनमधून डोकं वर करतात, चोच तेवढ्यात दिसते.

२ ऑगस्ट

आता यंदाची पिल्लं प्रौढांएवढी झाली आणि गोंधळात भर पडली. एक्लिप्समधला नर, मादी, तरुण नर, तरुण मादी, चौघंही तपकिरी.

तरुण पक्ष्यांत सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान दोन बदल होतात. आवाज फुटतो: तरुण मादी क्वॅक करू लागते, नराचा आवाज घोगरा होत बसतो. आणि चोच वेगळी होऊ लागते, नराची हिरवट, मादीची नारिंगी-तपकिरी आणि डागाळ. त्याआधी तरुण पक्ष्यांच्या चोचींवर विसंबू नये.

पक्षी यंदाचा आहे की जुना, हे दुर्बिणीने कळणं अवघड, पण चांगल्या फोटोत कळतं. पहिल्या शेपटीच्या पिसांची टोकं खाचेची असतात, कारण त्या टोकावरची बाळलव तुटून पडते आणि मागे इंग्रजी व्ही आकाराची खाच उरते. प्रौढाची पिसं टोकाशी गोल किंवा निमुळती. फोटोत चोच ‘स्वच्छ’ दिसावी म्हणून उजेड वाढवू नये. नारिंगी रंग जळून पिवळ्याजवळ जातो आणि मादी नर होऊन बसते. एक्स्पोजर थोडा कमी ठेवावा, सुमारे एकतृतीयांश ते दोनतृतीयांश पायरी.

मेलेला पक्षी दिसला तर हात लावायचा नाही, पिसं तपासायलाही नाही. बर्ड फ्लूच्या साथींपासून हा नियम कडक आहे. जागा लिहून उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवायचं.

१३ सप्टेंबर

नर परत रंगू लागले. यातलं निम्मं डोकं हिरवं, निम्मं तपकिरी अशी अवस्था एखाद्या वेगळ्या जातीच्या बदकासारखी भासते. चोच बघितली की प्रश्न मिटतो.

आजचा विषय अपवादांचा. म्हाताऱ्या किंवा आजारी मादीचं अंडाशय काम करेनासं झालं तर तिला नरासारखी पिसं येऊ शकतात. बदकांत मादीचा तपकिरी वेष मादी-संप्रेरकामुळे येतो. ते कमी पडलं की पिसारा नराकडे झुकतो. असा पक्षी डोक्याने हिरवट, पण चोचीवर डाग, आणि आवाज क्वॅक, असा मिसळीचा असतो. तो ‘अनिश्चित’मध्ये टाकायचा, सोबत शेरा आणि फोटो.

दुसरा अपवाद पाळीव रक्ताचा. मस्कोव्ही ही जात सोडून जगातल्या सगळ्या पाळीव बदकांचं मूळ मॅलार्डच, त्यामुळे उद्यानांत पांढरी छाती, गडद अंग, अवजड शरीर अशी मिश्र बदकं हमखास भेटतात. ती मॅलार्डच्या गणनेत धरायची नाहीत, वेगळी ओळ. त्यांची नर-मादी ओळख हवीच असेल तर वळलेली शेपटीची पिसं आणि आवाज या दोनच खुणा. ऐल्सबरी जातीच्या पांढऱ्या बदकात नर-मादी दोघांची चोच फिकट गुलाबी असते, चोच काही सांगत नाही. महाराष्ट्रात अंड्यांसाठी पाळलं जाणारं खाकी कॅम्पबेल इंग्लंडच्या ग्लॉस्टरशरमध्ये १९०० च्या आसपास अ‍ॅडेल कॅम्पबेल यांनी तयार केलं. त्याच्या प्रौढ नराचं डोकं कांस्याच्या झाकेचं गडद आणि शेपटीची पिसं वळलेली. पाळणाऱ्यांना पिल्लं मोठी होईपर्यंत थांबावं लागतं, सुमारे दोन महिन्यांनी आवाजावरून वेगळी करता येतात.

मॅलार्ड मादीसारख्या दिसणाऱ्या दोन माद्या सर्पेंटाइनवर असतात. गॅडवॉल या बदकाच्या मादीची चोच कडांना नारिंगी आणि मधे गडद, दोन रंगांच्या सीमा सरळ. तिच्या पंखावर लहान पांढरा चौकोन दिसतो, पोट पांढरं. थापट्या बदकाच्या (शॉव्हेलर) मादीची चोच फावड्याएवढी रुंद, चूक होण्याचं कारण नाही, पण चोच पाण्यात बुडवून पोहत असेल तर थांबून बघावं.

११ ऑक्टोबर

महाराष्ट्रासाठीची आवृत्ती. मॅलार्ड तिकडे क्वचित येतो. भारतात तो मुख्यतः उत्तरेचा हिवाळी पाहुणा, आणि काश्मीरमध्ये होकरसरसारख्या पाणथळींवर त्याची गर्दी. उजनी, जायकवाडी, नांदूर मध्यमेश्वर इथे त्याचा जवळचा नातेवाईक दिसतो तो हळदी-कुंकू बदक. त्याच्यात नर-मादी दिसायला सारखेच. चोचीच्या बुडाशी असलेले लाल ठिपके नराचे जरा मोठे, पण पाण्यावर त्यावरून मोजू नये. हळदी-कुंकूला एकच रकाना.

मॅलार्डच्या पत्रकातून जसंच्या तसं नेता येईल ते एकच: एक्लिप्सचं सावधपण. पाहुणी बदकं सप्टेंबर-ऑक्टोबरात महाराष्ट्रात उतरतात तेव्हा बरेच नर अजून साध्या पिसाऱ्यात असतात. ऑक्टोबरात मोजणाऱ्याला सगळ्या माद्याच आल्यासारखं वाटतं. म्हणून जातीगणिक वेगळी खूण दिली आहे. मॅलार्डच्या चोचीचा नियम थापट्याला लावू नका. थापट्याच्या प्रौढ नराचा डोळा पिवळा, मादीचा बहुधा तपकिरी. पंख उघडल्यावर पुढचा भाग नराचा स्पष्ट फिकट निळा, मादीचा मळकट राखाडी. तलवार बदकाच्या नराच्या चोचीच्या बाजू निळसर राखाडी आणि मधे काळी पट्टी, एक्लिप्समध्येही तशीच. मादीची चोच नुसती राखाडी.

सगळ्यात उशिरा रंगतो भुवई बदकाचा नर. हिवाळ्याचा बराच काळ तो तपकिरीच असतो, पांढरी भुवई पुष्कळदा फेब्रुवारीतच पूर्ण येते. पंख ताणले तर नराच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळसर राखाडी दिसतो, मादीचा तपकिरी राखाडी, पण बसलेल्या पक्ष्यात हे झाकलेलं. भुवई बदकाच्या ओळीत फेब्रुवारीपर्यंत ‘नर’ आणि ‘मादी’ रकाने करड्या रंगाने बंद छापायचे आणि ‘एकूण’ तेवढा उघडा ठेवायचा. छपाईवाल्याला ही करडी छटा २० टक्क्यांहून जास्त नको, असं सांगितलं आहे, नाहीतर झेरॉक्समध्ये ती काळी येते आणि शेजारच्या रकान्यातले आकडे वाचता येत नाहीत.